घोरण्यावर इलाज: नाकावरचं मशीन, दातांतलं साधन की ऑपरेशन?

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. ते घोरायला लागले की आई म्हणायची, "दमलेत, गाढ झोप लागलीय." ती गाढ झोप नव्हती. घोरता घोरता मधेच सगळं शांत व्हायचं, पंधरा-वीस सेकंद श्वासच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका. सकाळी डोकं जड, हळदीचे सौदे चालू असताना पेंग. मिरज रस्त्यावर सिग्नलला गाडीवरच डोळा लागला, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठला.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला हलवून जागं करतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. रात्री झोपायच्या आधीची दारू किंवा मनानं घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करू शकते, म्हणून 'झोप नीट लागत नाही' म्हणून गोळी मागण्याआधी घोरणं डॉक्टरांना सांगाच.

तपास दोन तऱ्हेचा. घरी करायचा, त्यात बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. आपल्याच गादीवर झोपायचं. स्वस्त आणि सोयीचा. पण अशा बऱ्याच उपकरणांना माणूस झोपलाय की जागा पडलाय हे कळत नाही, त्यामुळे जागेपणाचे तासही हिशोबात येतात आणि आकडा कमी दिसू शकतो. हॉस्पिटलात रात्रभर झोपून केलेल्या तपासात मेंदूच्या लहरी, पायांच्या हालचाली सगळं नोंदलं जातं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, किंवा लक्षणं ठळक असून घरचा रिपोर्ट चांगला आला असेल, तर हॉस्पिटलचाच करावा.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा शोधा. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, ते त्यात कळतं. मोठ्या माणसांत 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. अण्णांचा आला 38.

इथून खरी निवड सुरू होते.

सीपॅप मशीन नाकावरच्या मास्कमधून साधी हवा दाबानं सोडतं, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत मांडली आणि तीव्र आजारात आजही हाच पहिला इलाज आहे. यात ऑक्सिजनचा सिलेंडर नसतो. हे मुद्दाम सांगतो, कारण शेजारच्या काकांनी "ऑक्सिजनवर आहेत का?" असं विचारलं आणि अण्णांनी चार दिवस मशीनला हात लावला नाही. पहिला आठवडा अवघडच गेला. मिशीमुळे मास्क नीट बसेना, कडेनं हवा सुटायची, एक वाजता ते काढून ठेवायचे. मग मास्कचा प्रकार बदलला, दुपारी टीव्ही बघताना तासभर लावायची सवय केली, तेव्हा जमलं. एकदम विकत घेऊ नका. आधी महिनाभर भाड्यानं आणा. वळवाच्या पावसात लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टर हवाच.

दातांतलं साधन खालचा जबडा पुढे ओढून धरतं. आवाज नाही, वीज नाही, खिशात टाकून पंढरपूरला न्या. पण ते धरायला दोन्ही जबड्यांत पुरेसे मजबूत दात लागतात; पूर्ण कवळी असेल तर ते बसत नाही. मावा-गुटख्यानं तोंड उघडायचं कमी झालं असेल तर मापच घेता येत नाही, आणि आपल्याकडे अशी माणसं घरोघरी आहेत. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ सुटते, वर्षांनुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकू शकतात. श्वास मोकळा करण्यात मशीन सरस. पण साधन लोक रात्री जास्त तास तोंडात ठेवतात, हेही तितकंच खरं. बाजारात मिळणारं तयार साधन घेऊ नका, या कामातल्या दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या.

माझं मत असं: आकडा 30 च्या वर असेल तर मशीनच. सौम्य असेल आणि दात चांगले असतील तर साधन. मधल्या लोकांनी रोज रात्री आपल्या हातून काय लावलं जाईल, हे मनाशी प्रामाणिकपणे ठरवून निवडावं.

ऑपरेशन मोठ्या माणसाला सहसा शेवटी. लहान मुलांचं वेगळं: टॉन्सिल, ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढल्यानं श्वास अडत असेल तर बहुतेकदा ते काढणं हाच पहिला इलाज.

वजन मात्र कुठल्याही निवडीसोबत धरा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासात 10 टक्के वजन घटलेल्यांचा एएचआय साधारण 26 टक्क्यांनी उतरलेला दिसला. अण्णांसारख्या 38 वाल्याला तेवढ्यानं मशीन सुटत नाही, पण दाब कमी लागू शकतो.

आणि साधन निवडलंत तर एक गोष्ट टाळू नका. घोरण्याचा आवाज बंद झाला तरी श्वास अडणं चालूच असू शकतं. साधन नीट बसलं की ते तोंडात घालूनच पुन्हा एकदा रात्रीचा तपास करून घ्या.