हजार लिटरची पिंजऱ्यातली टाकी, आठ महिन्यांनंतर: टाकी ठीक, आटे मात्र आधी तपासा

तिसऱ्या महिन्यात मी या पोलादी पिंजऱ्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या टाकीबद्दल 'कुणीही घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते आज मागे घेतो आहे, पण राग अजून पूर्ण गेलेला नाही.

झालं असं, की संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून झोपलो आणि पहाटे बघतो तर टाकी कोरडी, खाली सगळा चिखल. खालच्या कॉकला लावलेलं पाइपाचं जोडणं निघून बाजूला पडलं होतं. झाडांसाठी जपून साठवलेलं हजार लिटर पाणी एका रात्रीत गेलं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "कॉक खराब आहे, नवा घ्या." घेतला. आठवड्याभरात तेच. पुन्हा फोन केला तर म्हणे तुम्हीच नीट आवळत नाही!

मग व्हर्नियर घेऊन बसलो. कॉकच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ६० मिमी. आपल्या नेहमीच्या २ इंची पाइपाच्या आट्यांचा ५९.६ मिमी. एवढा जवळचा, की जोडणं सहज चढतं आणि एक-दीड फेऱ्यात घट्टही लागतं. पण टाकीच्या दोन आट्यांमध्ये ६ मिमी अंतर आहे आणि पाइपाच्या आट्यांमध्ये जेमतेम २.३ मिमी. म्हणजे आटे एकमेकांत बसतच नाहीत, नुसते अडकतात. मी त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळत राहिलो आणि ते आणखी घट्ट वाटत राहिलं. भरलेल्या टाकीच्या तळाशी दाब साधारण ०.१ बारच असतो, पण असं अडकलेलं जोडणं ढकलायला तेवढा पुरला. कॉक बिचारा पहिल्यापासून चांगलाच होता. नव्या कॉकचे पैसे उगाच गेले, ही सल आहेच. विकणाऱ्याला एवढं साधं माहीत नसावं?

या आट्याला 'एस ६० बाय ६' म्हणतात. तेच नाव सांगून अॅडॉप्टर मागा, नुसतं '२ इंची' म्हणाल तर चुकीचंच हातात येईल. आणि इथे टेपचं काम नाही. पाणी अडवतो तो अॅडॉप्टरच्या आतला चपटा वायसर. तो सरळ बसला की हाताने आवळलं तरी थेंब गळत नाही. पाच महिने झाले, खालची फरशी कोरडी आहे.

वायसर कोणत्या रबराचा, हेही विचारा. माझा ईपीडीएमचा आहे, पाण्याला उत्तम. डिझेल किंवा खनिज तेलात मात्र हे रबर फुगतं.

बाकी टाकीला नावं ठेवायला जागा नाही. पिंजऱ्याला गंज नाही, तळाचं पॅलेट सरळ आहे. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जातो म्हणून दुसऱ्याच महिन्यात शेवाळ धरलं होतं, काळं कापड गुंडाळल्यावर थांबलं. एकदा वरचं झाकण बंद ठेवून पाणी उपसायला पंप लावला आणि टाकीच्या भिंती आत ओढल्या गेल्या. झाकण सैल केल्यावर त्या हळूहळू पूर्ववत झाल्या, पण छातीत धस्स झालं होतं.

वापरलेली टाकी स्वस्त मिळते म्हणून घेणार असाल तर पिंजऱ्यावरची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. '३१एचए१' म्हणजे द्रवासाठीची, आत प्लास्टिक आणि बाहेर पोलाद. त्याच ओळीत बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. धोकादायक रसायनांच्या वाहतुकीसाठी प्लास्टिकच्या टाकीची मुदत साधारणपणे तिथून ५ वर्षं धरतात. आधी आत काय होतं हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर पिण्याच्या पाण्यासाठी ती अजिबात घेऊ नका. प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन धुऊन जात नाही.

आणि भरलेली टाकी गाडीवर चढवायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. पाणीच १००० किलो, वर टाकीचं स्वतःचं ६० किलोच्या आसपास. अर्धी भरून नेणं आणखी वाईट, ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे धावतं.

एक जादा वायसर मी तारेने पिंजऱ्यालाच बांधून ठेवला आहे.