सरपंचकी कोर्टात गेली: आयुक्तांकडे अपील की हायकोर्टात रिट?

गावच्या निवडणुकीचा निकाल विरोधात गेला की गटातली माणसं त्याच संध्याकाळी म्हणतात, "वर अपील टाकूया." वर म्हणजे कुठे, हे मात्र तुमचं पद कुणी आणि कशावरून काढलं त्यावर ठरतं. करवीर-पन्हाळ्यातल्या कितीतरी उमेदवारांचे हातचे दिवस या गोंधळात जातात, म्हणून हे लिहितोय.

अतिक्रमण किंवा तिसरं अपत्य अशा कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे १५ दिवसांत पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. तिथे मोजणीचा नकाशा, पंचनामा, ग्रामसेवकाचा अहवाल पुन्हा तपासायला लावता येतो. कागद बाजूने असतील तर हे अपील कराच.

निवडणूक याचिकेचं, म्हणजे निवडणुकीच्या निकालालाच आव्हान देणाऱ्या अर्जाचं, तसं नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १५ खाली दिवाणी न्यायाधीशांनी निकाल दिला की त्यावर कायद्याने अपील ठेवलेलंच नाही. उरते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालची रिट, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासावा म्हणून हायकोर्टात केलेला अर्ज. समजा, चार मतांनी हरलात आणि फेरमोजणी नाकारली गेली. हायकोर्ट मतं मोजत बसत नाही. मोजणीच्या टेबलावरच लेखी अर्ज दिला होता का, त्यावर पोच आहे का, खालच्या कोर्टाने तो पुरावा डावलला का, एवढंच पाहिलं जातं. तो कागदच नसेल तर माझ्या मते रिटच्या खर्चात पडू नये. असेल, तर आता मुंबईच्या फेऱ्याही नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं, आणि सामान्य पक्षकारासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आमदार-खासदारांना मात्र हायकोर्टाच्या निकालावर ३० दिवसांत थेट सुप्रीम कोर्टात अपील आहे, तेही कायदा आणि वस्तुस्थिती दोन्हींवर. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टात असे दोन निकाल एकाच दिवशी लागले: मनोहर जोशींची आमदारकी वाचली, विलेपार्ल्याच्या रमेश प्रभूंची रद्दच राहिली. प्रभूंची पोटनिवडणूक होती १९८७ ची. अपिलाचा हक्क मोठा, पण वेळ किती जातो तेही बघा.

कुठलाही रस्ता धरा, नुसतं अपील दाखल केल्याने निकाल थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती अर्धवटही मिळू शकते. अलाहाबाद हायकोर्टाने निवड रद्द केल्यावर जून १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून इंदिरा गांधींना सभागृहात बसायची मुभा मिळाली, मतदानाची नाही. म्हणून निकालाच्या दिवशीच सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाका आणि स्थगितीचा अर्ज मूळ कागदांसोबतच द्या. रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लागली की गुंता दुप्पट होतो.