मातीचा रंग की टॅबलेट? गोव्यात निसर्गचित्रं करणाऱ्यांसाठी

गोव्यात राहून निसर्गावरच काम करायचं ठरवलेल्या माणसाला हा प्रश्न आज ना उद्या पडतो. साठवलेले पैसे टॅबलेट आणि पेनात घालायचे, की माती, कोळसा, चुना, डिंक आणि हातकागद यांच्यामागे वेळ घालायचा? मी दोन्ही वापरतो, दोन्हींत कामं पूर्ण करून दिली आहेत. पडदा किती मोठा, पेनाला दाब किती कळतो, लेअर किती मिळतात हे तुम्हाला ठाऊक असेल, नाहीतर दुकानात कळेल. इथली हवा, इथलं ऊन आणि इथे मिळणारी कामं यांत दोन्ही माध्यमं कशी वागतात, तेवढंच लिहितो. माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे, ते लपवत नाही.

टॅबलेटचं बळ मला बाहेर फिरताना पटलं. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी पणसायमळची कातळशिल्पं आहेत, १९९३ साली पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत आलेली. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, कातळावर बैल कोरलेत, आत आत वळत जाणारी चक्रं आहेत, पण भर दुपारी जाल तर निम्म्या रेषा दिसतच नाहीत. सकाळचं ऊन तिरपं असताना फोटो घ्यायचा, तो खालच्या लेअरवर ठेवायचा आणि वरच्या लेअरवर रेषा उचलायच्या. वहीत हे करायला गेलात तर ट्रेसिंग, पुन्हा कागद, पुन्हा प्रमाण जुळवणं असा खटाटोप होतो. चोडणच्या खारफुटीतही तेच. होडी हलत असते, पक्षी थांबत नाही, आणि चुकलेली रेष ‘अनडू’ करून मागे जाता येणं तिथे फार मोलाचं ठरतं. शिवाय चिऱ्याच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागाचा फोटो काढून प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये त्याचा ब्रशही करता येतो. मी असा ब्रश केलाय, तो चांगला चालतो.

गिऱ्हाइकाच्या कामाला तर टॅबलेटला तोड नाही. फेणीच्या बाटलीचं लेबल असो, होमस्टेची पाटी असो की दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, बदल येणार हे धरूनच चालायचं. ‘तो माड जरा डावीकडे घ्या’ म्हटल्यावर मातीच्या रंगात अख्खं चित्र नव्यानं करावं लागतं.

एप्रिलमध्ये सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, बसलात तर पडद्यात आभाळ आणि स्वतःचा चेहरा एवढंच दिसतं, आणि तळहाताच्या घामानं भलतीकडेच रेषा उमटतात. मॅट फिल्म आणि दोन बोटांचा हातमोजा घेतला की हे बरंच निभतं.

आता माती. आपल्याकडे चिरेखाणीच्या उभ्या कापात रंगांचा पट्टा वरून खाली मांडलेलाच असतो. वर तांबडी, मध्ये पिवळी आणि जांभळट, तळाकडे पांढुरकी चिकणमाती. खाणवाल्याला विचारून मूठ-दोन मुठी आणायच्या. बादलीत ढवळून क्षणभर थांबायचं, रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं दोन-तीनदा करून उरलेला गाळ सुती कापडावर वाळवला की जी पूड मिळते, ती चिमटीत घेतली तर कणही लागत नाही. पिवळी पूड लोखंडी तव्यावर चांगली तापवली की आधी नारिंगी, मग विटकरी आणि शेवटी पक्की तांबडी होते. पिवळ्या मातीतलं गोएथाइट हे लोहखनिज २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी सोडतं आणि त्याचं हेमटाइट हे तांबडं लोहखनिज होतं. कारण माहीत असूनही तो बदल होताना मी तव्यासमोरून हलत नाही. डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातला करडा, चमकदार दगडसुद्धा खडबडीत फरशीवर घासला की लालच उतरतो. पूड बाभळीच्या डिंकात घोटली की रंग तयार. काळ्याला नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि पांढऱ्याला शिंपल्यांचा चुना.

या बाजूच्या अडचणीही लहान नाहीत. जून ते सप्टेंबर डिंकातलं चित्र वाळता वाळत नाही, आणि वाळलेल्या चित्रांवरही मागच्या बाजूनं बुरशी चढते. डिंकात लवंगेच्या तेलाचे थेंब, भिंत आणि फ्रेम यांत हवेला वाट, पेटीत सिलिका जेल एवढं केलं की माझं बरंचसं भागतं. समुद्राला लागून घर असेल तर तुम्हाला यापेक्षा जास्त करावं लागेल असं वाटतं. झाडपाल्याच्या रंगांचा भरवसा मी धरत नाही. हळद, भिरंड (कोकम), जांभूळ पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतात आणि उजेडात भराभर उडतात. पानाफळांचं काम करायचंच असेल तर चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीच्या हिशेबानं करावं. कवंडळ, कांगलां, सुपारीचे घोस देवावर झुलतात आणि नंतर उतरतात, आणि सगळ्यांना ते आधीपासून माहीत असतं. विकत घेणाऱ्यालाही तसंच आधी सांगावं. आणि खारफुटीच्या सालीचा तपकिरी रंग कितीही सुरेख असला तरी ती झाडं संरक्षित आहेत, त्यांना हात लावू नका.

एवढं असूनही माझा कल ठरला तो टॅबलेटच्या एका त्रासानं. तो त्रास हिरव्याचा.

जुलैत खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतात, लावणी होऊन रोप धरलं की जो हिरवा येतो, तो तुम्ही पाहिलेला आहे. पोपटी म्हणावा तर आत निळसर झाक, आणि मळभातसुद्धा आतून उजळलेला. टॅबलेटवर तो नेमका सापडतो, कारण पडदा स्वतःच उजेड देतो. कागदावरची शाई उजेड देत नाही, शोषून घेते, आणि छपाईच्या चार शायांत तो हिरवा बसत नाही. छपाईच्या दुकानात खिडकीशी उभं राहून मी टॅबलेट आणि प्रिंट शेजारी धरायचो. दुकानदार मनापासून मदत करायचा. पिवळा वाढवला की शेत कापणीला आल्यागत दिसायचं, निळा वाढवला की शेवाळी. फाइल बदला, कागद बदला, तो हिरवा यायचा नाही. टॅबलेटवरचा कॅनव्हासच छपाईच्या रंगपद्धतीचा घेतला तर तो हिरवा पहिल्या फटकाऱ्यापासूनच मिळत नाही. पडद्याचे रंग जुळवून घेतले, म्हणजे कॅलिब्रेशन केलं, तर छापल्यावर काय हाती येणार ते आधी कळतं, टळत नाही. जास्त शायांच्या महागड्या प्रिंटरवर अंतर कमी होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तीच फाइल गिऱ्हाइकाच्या फोनवर निळी आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर फिकी दिसते, तेव्हा यातलं माझं चित्र कोणतं, याचं उत्तर मला देता येईना. मी केलेला रंग मला कुणाच्या हातात ठेवता येत नव्हता.

मातीतही तो हिरवा नाही. निळाही नाही. पण माती ते आधीच सांगते. गोव्यातल्या आणि कारवारकडच्या जुन्या देवळांतली कावी कला पाहा. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, आणि त्यांत वेली, मोर, देव सगळं मावलेलं. मी आता पावसातलं शेत करतो ते बांध, चिखल आणि पाण्यातल्या आभाळावर, हिरव्याची जागा कोरी सोडून. जो तांबडा मी कागदावर लावतो तो सकाळी, संध्याकाळी, कुणाच्याही घरात त्या खाणीचाच तांबडा असतो.

तुमचं काम पडद्यावरच राहणार असेल, म्हणजे ॲनिमेशन, सोशल मीडिया, प्रोजेक्शन असं काही, तर माझी तक्रार तुम्हाला लागू होत नाही. खुशाल टॅबलेट घ्या. पोटापाण्यासाठी बाहेरची कामं करणार असाल तरी तोच आधी घ्यावा. भिंतीवर लागणारी चित्रं करायची असतील तर मात्र आधी माती घोटून पाहा असं सुचवीन. मातीचं मूळ चित्र स्कॅन करून टॅबलेटवर साफ केलं तर त्याच्या प्रती पुष्कळ जवळ येतात, कारण गेरू आणि पिवळी हे रंग छपाईच्या आवाक्यातले आहेत. माझ्याकडे टॅबलेट सध्या बहुतेक याच कामाला असतो. त्याआधी जमलं तर पिळर्णला म्युझियम ऑफ गोवामध्ये जाऊन या. तिथे कलाकार सुबोध केरकर यांनी शिंपले आणि होड्यांच्या लाकडापासून काय काय केलंय ते पाहिलं की साहित्याची भीती कमी होते.

तरीही ठरत नसेल तर मित्राचा टॅबलेट दोन दिवस मागून आणा, तुमच्या वाड्यावरचं शेत रंगवा आणि तुम्हाला परवडेल त्याच दुकानात ए-फोर आकारात छापून घ्या. दिव्याखाली पाहू नका, दारात नेऊन दिवसाउजेडी पडद्याशेजारी धरा. ते अंतर डोळ्यांना खुपलं नाही तर टॅबलेटचे पैसे मोजायला हरकत नाही.