आमदारांचं जनसंपर्क कार्यालय: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेल्या पावसाळ्यापासून माझं येणं-जाणं आहे. घरची आणि वाडीतल्या शेजाऱ्यांची मिळून बरीच कामं तिथे नेली. बहुतेक मार्गी लागली, एक अजून चालू आहे. इतकी चांगली सेवा मला आजवर दुसऱ्या कुठल्याच कार्यालयात मिळालेली नाही. आमदार कोण, पक्ष कोणता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला लिहायचंय ते तिथे टेबलामागे बसणाऱ्या माणसांबद्दल.

सगळ्यात मोठं काम होतं मामेभावाच्या मुलीचं. साडेतीन वर्षांची पोर, हृदयाला छिद्र. पुण्यातल्या एका खासगी दवाखान्याने खर्चाचा आकडा सांगितल्यावर भाऊ शेत गहाण टाकायला निघाला होता. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी साहेबांचं पत्र मिळावं म्हणून आम्ही गेलो. स्वीय सहाय्यकांनी पत्राचा विषयच बाजूला ठेवला. फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि विचारलं, "ताई, अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची गाडी येते, त्यांनी हिला बघितलंय का?"

ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखे मोठे उपचारही त्यातून मोफत होतात. आम्हा कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सहाय्यकांनी आमच्यासमोरच ग्रामीण रुग्णालयातल्या पथकाच्या डॉक्टरांना फोन लावला, जिल्हा रुग्णालयात कुठल्या विभागात कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून दिलं, सोबत काय न्यायचं तेही. तिथे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, पुढे पुण्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. भावाचं शेत भावाकडेच राहिलं.

मुख्यमंत्री निधीचं त्यांनी नंतर नीट समजावलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना, बाल स्वास्थ्य कार्यक्रम, धर्मादाय रुग्णालयातली सवलत हे आधी बघायचं. यातून काम होत नसेल तेव्हा निधीकडे अर्ज करायचा. वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड एवढं लागतं. त्यासाठी आता जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे. स्वतःकडे चालून आलेलं काम जिथे लवकर होईल तिथे पाठवायचं, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. पत्र देऊन आमची बोळवण करणं त्यांना किती सोपं होतं!

शेजारच्या आजोबांच्या खुब्याच्या वेळीही तसंच. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, हे वाडीत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पहिल्या गटाला उपचार मोफत, दुसऱ्याला सवलतीत. रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला काय विचारायचं, इथपर्यंत सांगून ठेवलं होतं.

काकूंचं काम मात्र रखडलं. काका गेल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला होता. महिन्याला 1,500 रुपये, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. ही मर्यादा आजच्या काळात अन्यायाची आहे आणि ती वाढलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. काकू त्यात बसत होत्या. मंजुरी मिळूनही पैसे येईनात. कार्यालयातल्या मुलीने तहसीलमधून यादी तपासून घेतली आणि दोष सापडला: बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे डीबीटी, म्हणजे थेट खात्यात पैसे जमा होणं, अडकलं होतं. तिने काकूंसोबत बसून बँकेचा फॉर्म भरला. पुढच्या हप्त्यापासून पैसे सुरू झाले.

वाडीतल्या एकाला टाटा रुग्णालयात न्यायचं होतं, तेव्हा नातेवाइकांना मुंबईत आमदार निवासात खोली मिळाली. लांबच्या तालुक्यातल्या माणसाला ही सोय केवढी मोठी असते, ते मुंबईतल्या लॉजचे दर विचारून बघितल्यावर समजतं. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला तेव्हाही फोन कामाला आला.

आता उणिवा. आठवडी बाजारच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत बाईमाणसाला आपलं दुखणं किंवा घरातलं भांडण दहा पुरुषांसमोर सांगावं लागतं. एक आडोशाची खोली आणि तिथे कार्यालयातली ती मुलगीच बसलेली, एवढं केलं तरी निम्म्या बायका मोकळेपणी येतील. मी हे तिथे सांगितलंय. अधिवेशनाच्या दिवसांत, विशेषतः डिसेंबरात सगळे नागपूरला गेले की काम मंदावतं, सहीची पत्रं अडून राहतात. आणि तिसरी गोष्ट: आपण दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक मागितल्याशिवाय मिळत नाही. तो मागून घ्यावा. फोनवर क्रमांक सांगितला की कागद लगेच सापडतो.

जाणाऱ्यांनी आधी संबंधित कार्यालयात अर्ज करावा आणि त्याची पावती घेऊन जावं. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, पावतीवर तारीख असली की पाठपुरावा करणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. मला कुणी कार्यकर्त्याची ओळख विचारली नाही, मत कुणाला दिलं हेही नाही. कुठल्याही कामाला चहापाण्याचे पैसे द्यावे लागले नाहीत.

काही कामांना ते सरळ नाही म्हणतात, आणि मला ते आवडलं. चुलतकाकांच्या शेताची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली. साहेबांनी तहसीलदारांना फोन करून वाट मोकळी करून द्यावी, अशी काकांची इच्छा. सहाय्यक म्हणाले, "काका, तो शेजारीही आपल्याच मतदारसंघातला. फोन करून एकाच्या बाजूने निकाल मागणं बरोबर नाही." मग त्यांनीच समजावलं, की वापरातली वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 च्या कलम 5 खाली अर्ज करायचा, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. काका जरा नाराज झाले, पण अर्ज केला. कुठल्या कलमाखाली जायचं हेच न कळल्यामुळे वर्षानुवर्षं भांडत बसलेली माणसं आमच्याकडे कमी नाहीत.

तो अर्ज सध्या तहसीलमध्ये चालू आहे, मंडळ अधिकाऱ्यांची स्थळपाहणी व्हायची आहे. त्याआधी गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून ठेवा, असा निरोप कार्यालयातून परवाच आला.