एडमंटनचा शनिवारचा स्नो प्रोग्रॅम: मुलाला घातलं, सहा आठवड्यांचा अनुभव

इथे कॅनडात एडमंटनच्या मराठी ग्रुपवर दर थंडीत कोणीतरी विचारतं की पोरांना घरात किती कोंडून ठेवायचं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा मुलगा ९ वर्षांचा. दर शनिवारी, सहा आठवडे, १२ मुलं आणि दोन इन्स्ट्रक्टर, सगळं बाहेर, रव्हाईनच्या (घळीच्या) कडेच्या मैदानावर. मायनस २५ च्या खाली गेलं तर कॅन्सल, नाहीतर होणारच.

पहिले दोन शनिवार स्लेड ओढायच्या रेस वगैरे, ठीकठाक. खरी मजा तिसऱ्या आठवड्यापासून, क्विंझी, म्हणजे बर्फाचा ढीग आतून पोखरून केलेली खोली, करायला घेतली तेव्हा. एडमंटनचा बर्फ थंडीत इतका कोरडा असतो की मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, पिठीसाखरेसारखा सांडतो, त्यामुळे विटा पाडून भिंत वगैरे विसरा. क्विंझीत फावड्यांनी बर्फाचा मोठा ढीग घालायचा, मोठ्या माणसाच्या उंचीचा, आणि मग दोन तास तरी हात लावायचा नाही. ढवळलेला बर्फ तेवढ्या वेळात आपोआप घट्ट धरतो. मग फूटभर लांबीच्या काड्या बाहेरून सगळीकडून खोचायच्या आणि आतून पोखरत जायचं, काडीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी जाड राहते. आत एकजण खणत असेल तर बाहेर एकजण फावडं घेऊन उभा राहिलाच पाहिजे, छत बसलं तर आतल्याला काढायला, आणि तो तिथून हलायचा नाही. हा नियम मुलं स्वतः एकमेकांना ओरडून पाळायला लावत होती.

दर २० मिनिटांनी मुकादम बदलायचा. माझ्या मुलाला सगळ्यांना हुकूम सोडायची सवय, त्याची पाळी आली तेव्हा सगळेच ढिगासाठी बर्फ खणायला धावले, ढिगाऱ्यावर बर्फ टाकायला कोणी उरलं नाही आणि भांडण जुंपलं. मी लांबून बघत होते, दोन्ही इन्स्ट्रक्टर दहा मिनिटं गप्प उभे, एक शब्द नाही. मला राहवत नव्हतं खरं सांगते. शेवटी एक अगदी अबोल मुलगी म्हणाली की चौघं खणा, चौघं ओढा, चौघं टाका, आणि माझा मुलगा ऐकून उभा राहिला, मग त्यानेच मोजून तीन गट पाडले. घरी येताना गाडीत म्हणाला, आई, तिचं आधीच ऐकायला हवं होतं. आम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला करताना माती कोण आणणार यावरून जे शिकलो ना, तेच हे, फक्त तिथे मोठं कोणी बघत नव्हतं आणि इथे बघूनही मध्ये पडत नाहीत. मी फी भरते ती याच गप्प राहण्याची.

रस्त्याकडेला प्लाऊने (बर्फ हटवणाऱ्या गाडीने) लोटलेल्या ढिगात कधीच खणायचं नाही हेही त्यांनी नीट समजावलं, आणि दिवस संपताना क्विंझी पाडून टाकली, रात्री कोणी आत जाऊ नये म्हणून. पोरं हिरमुसली पण पाडायलाही सगळी एकत्रच.

तक्रार एकच, कपड्यांची यादी आदल्या रात्री आली, तोवर दुकानं बंद. तर आत्ताच सांगते: आतून कॉटन अजिबात नको, घामाने ओलं झालं की गारठतं, वूलन किंवा सिंथेटिक घाला. बोटांचे ग्लव्हज नको, मिटन्स (चारही बोटं एकत्र राहतात ते), आणि दोन जोड, कारण पहिली तासाभरात भिजते. थर्मासमध्ये सूप द्या, पाणी गोठतं.

पिकअपला पंधरा मिनिटं आधी पोचा, पाडायच्या आधी मुलं आईबाबांना आत बोलावतात आणि दारातून रांगतच जावं लागतं, तेव्हा स्वतःची स्नोपँटही घालून जा.