ज्येष्ठ निवासात आम्ही दोघं: तिन्ही ऋतू काढल्यावरचा अनुभव

पार्किन्सन झाल्यापासून आमच्या हिला अंघोळीला आणि उठण्या-बसण्याला माणूस लागतं. घरी ठेवलेल्या बाया टिकेनात, मुलं पुण्यात. म्हणून गेल्या पावसाळ्यात जळगावबाहेरच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला आलो. आता उन्हाळाही निघाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

खोली चांगली आहे. न्हाणीत धरायला दांडे, उंबरठा कुठेच नाही, बेल पलंगाशीही आणि न्हाणीतही. दिवसा बेल वाजवली की माणूस लगेच येतं. रात्री मात्र अख्ख्या मजल्याला एकच मावशी. ती पलीकडच्या खोलीत कुणाची कूस बदलत असली की आपण थांबायचं. जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि भजनाचा हॉल हौसेनं दाखवतील. तुम्ही रात्री नऊनंतर पुन्हा एक चक्कर मारा.

औषधांवरून सुरुवातीला बरेच खटके उडाले. सगळ्यांच्या गोळ्या ताटाबरोबर वाटायच्या, ही इथली सोय. पण लेव्होडोपा ही हिची पार्किन्सनची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात. वेळ टळली की हिचे पाय जागीच खिळतात. डॉक्टरांकडून वेळा लिहून आणल्या, दारावर चिकटवल्या, ऑफिसात जाऊन आवाज चढवला, तेव्हा कुठे हिच्या गोळ्यांचा डबा वेगळा झाला. आता वेळ चुकत नाही.

काम करणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांतल्या. त्यांनी अहिराणीत ‘जेवन व्हयनं का, माय?’ म्हटलं की ही खुलते. फिजिओथेरपीवाल्यासमोर न उचलणारी पावलं त्यांच्या हाताला धरून उचलते. त्यांचा पगार वाढावा असं मी सूचनापेटीत लिहून टाकलंय, वाचतं कोण ते देव जाणे.

जेवण स्वच्छ, वेळेवर आणि खानदेशी जिभेला आजाऱ्याचं. शेवभाजी होते, पण तर्री काढून. थंडीत भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या झाल्या, त्या दिवशी पथ्यवाल्यांनीही मागून घेतलं. एरवी माझ्या कपाटात ठेच्याची बरणी असते.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की खरी परीक्षा. खोलीत कूलर आहे, पण वीज गेली की जनरेटर लिफ्ट आणि दिव्यांपुरताच. टाकीच्या पाण्यात दुपारी हात घालवत नाही, म्हणून अंघोळी सकाळी सहालाच उरकतात.

कागदपत्रांची कामं मात्र झकास. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून झाला, बँकेची पायरी चढावी लागली नाही. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्डही ऑफिसनंच काढून दिलं. २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. इथलं महिन्याचं बिल आपल्याच पेन्शनमधून जातं, आणि डायपर, गाडी, दवाखान्यात सोबतीला माणूस हे सगळं वरखर्चात.

करार नीट वाचा. माणूस पुरता अंथरुणाला खिळला किंवा नळीनं जेवू लागला, तर इथे ठेवत नाहीत, महिन्याभराची मुदत देतात. हे माहितीपत्रकात नाही, करारात मागच्या पानावर आहे. हिचा आजार वाढत जाणारा, म्हणून धुळ्याला चोवीस तास नर्स असलेल्या एका ठिकाणी आत्तापासूनच नाव घालून ठेवलंय.