पेडल खाली जातंय: पार्ट बदलत जायचं की होज दाबून बघायचं?

जुन्या पिकअपचं ब्रेक पेडल निम्म्याच्या खाली जायला लागलं, बाहेर कुठे गळती नाही, डब्यात ऑइल आहे, की दोन वाटा दिसतात. एक, ज्याच्यावर संशय तो पार्ट बदलायचा: आधी मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ऑइलमध्ये उतरवणारा), मग मागचे व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे), मग होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या. दुसरी, होजना क्लॅम्प, म्हणजे नळी दाबून बंद करणारे चिमटे, लावून एकेक चाक बाजूला काढायचं आणि पेडल पायाने जोखायचं. मी दोन्ही केलंय, तेही एकाच गाडीवर, एकाच दुखण्यासाठी.

पार्ट बदलणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. गाडीचं वय झालं की मास्टरची रबरं कधीतरी जाणारच, नवा पार्ट काही वाया जात नाही, असं मीही स्वतःला समजावलं होतं. आणि पाय स्थिर ठेवला तरी पेडल सावकाश तळाला बसत असेल, कुठेही ओल नसेल, तर फार डोकं चालवावं लागत नाही. मास्टर बहुतेक आतून ऑइल सोडत असतो.

माझं पेडल तसं नव्हतं. पहिल्या दाबाला खोल जायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. या लक्षणावर जरा विचार केला असता तर बरं झालं असतं. मी थेट नवा मास्टर आणला.

माझं मत फिरलं ते त्यानंतरच्या कटकटीमुळे. पार्ट बदलायचा म्हणजे लाइन उघडायची. लाइन उघडली की हवा शिरते. हवा शिरली की पेडल मऊ. आता पेडल मऊच राहिलं तर तो जुना दोष, की मीच आत घातलेली हवा? कळायला मार्ग नाही. मग ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं. एक जण पेडलवर, एक जण खाली चाकाशी, हवा सोडायच्या निपलपाशी. ‘दाब... धर... सोड.’ खालच्याने निपल आवळायच्या आत वरच्याने पाय उचलला की ती फेरी फुकट. त्यात पिकअपची स्वतःची एक खोड. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी लोडप्रमाणे ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मी गाडी चॅसीला उचलली होती, मागची चाकं लोंबकळत होती. ॲक्सल असा खाली गेला की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. तो मागचा दाब आवळून धरतो. निपलमधून ऑइल थेंबथेंब येत राहिलं. ॲक्सलखाली स्टँड लावून भार त्याच्यावर टेकवला तेव्हा कुठे धार सुटली. तोवर दुपार टळली होती. पेडल होतं तिथेच. मग व्हील सिलिंडर बदलले, पुन्हा ब्लीडिंग, पुन्हा तोच प्रश्न.

तिसऱ्या खेपेला क्लॅम्प काढले. पुढच्या डिस्कचे दोन होज आणि चॅसीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा एक, असे 3. तिन्ही दाबले आणि पाय ठेवला: दगडावर ठेवल्यासारखा. म्हणजे मास्टर ठीक. पुढचा डावा सोडला, पेडल किंचित खाली. उजवा सोडला, अजून किंचित, इतकं चालतंच. मागचा सोडला आणि पेडल चांगलं चार बोटं खाली बसलं. एक नट सैल केला नव्हता, ऑइलचा थेंब सांडला नव्हता. अर्धा तासही लागला नसेल.

अर्थात क्लॅम्प फक्त दिशा दाखवतो. मागे हवा आहे की शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ढिले आहेत, हे तो सांगत नाही. त्याला हॅन्डब्रेक कामाला येतो, मात्र तो मागच्या शूंवरच चालणारा हवा. चार-पाच दात ओढून पेडल दाबायचं. ते वर आलं तर शू ड्रमपासून लांब राहिलेत. माझं आलं. ड्रम काढला तर शू ड्रमच्या जवळ ठेवणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी चाक गंजून जाम. शू ड्रमला टेकेपर्यंतच पहिल्या दाबाचं ऑइल खर्ची पडत होतं. व्हील सिलिंडर बदलताना हाच ड्रम मी उघडला होता, ॲडजस्टर नाकासमोर होता. पण तेव्हा लाइनपेक्षा माझ्या डोक्यातच जास्त हवा होती.

आता क्लॅम्पची उणी बाजू. म्हातारा होज दाबला तर आतून फाटू शकतो, आणि काही कंपन्या होज दाबायला चक्क मनाई करतात. तेव्हा आधी गाडीचं मॅन्युअल बघावं. जबडे गोल, गुळगुळीत हवेत. व्हाइस ग्रिपचे दात नकोत. स्टीलच्या जाळीचा होज दाबूच नये. वरून तडे दिसत असतील तर तिथे मीही पार्टवाल्यांच्या बाजूने: होज सरळ बदला. आणि काम झाल्यावर क्लॅम्प मोजून काढा.

लांब उतारानंतरच पेडल मऊ पडत असेल, तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा. तिथे तापून उकळणाऱ्या ब्रेक ऑइलवर संशय घ्यावा. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा 155. कित्येक वर्षांत ऑइल बदललं नसेल तर सुरुवात तिथून करावी.

गॅरेजात हाताशी माणूस असेल आणि सगळंच नवं घालायचं ठरलं असेल, तर पार्ट बदलत जाण्यात चूक काही नाही. एकट्याने काम करणाऱ्याला मात्र मी तरी आधी हॅन्डब्रेक ओढायला सांगेन, मग क्लॅम्प, आणि पाना त्यानंतर. माझा काढलेला मास्टर मी नंतर उघडून पाहिला. बोअर, म्हणजे आतली पोकळी, चकचकीत, रबरं मऊसूत. तो अजून फडताळात पडून आहे.